मिलान डर्बी: तिकिटावर शुभदाताईंचं नाव चुकलंय, तातडीचं

प्रेषक: मंदार
मंगळवार, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी,

रविवारच्या डर्बीची, म्हणजे मिलान शहरातल्याच इंटर आणि मिलान ह्या दोन फुटबॉल क्लबांच्या सामन्याची सहा तिकिटं आली. दुसरा मजला, नारिंगी बाजू, सगळ्या जागा सलग. पण शुभदाताईंचं नाव मी त्यांच्या मेल आयडीवरून उचललं आणि ते माहेरचं निघालं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आहे. इटलीत तिकीट नावावर असतं आणि गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात. साइटवर नाव बदलायची सोय मला कुठे दिसत नाहीये. मागच्या खेपेला कोणाचं असं झालं होतं का? आपली झुरिकहून गाडी शनिवारी दुपारची, म्हणजे हातात तीनच दिवस.

मंदार

प्रेषक: शिरीष
बुधवार, सकाळी ६:५१

मंदार, एवढी काळजी करू नकोस. १२ एप्रिल २००५ ला मी सान सिरोला, ह्याच मैदानावर होतो, चॅम्पियन्स लीगचा उपांत्यपूर्व सामना, इंटर-मिलान. नाव कोणी विचारलंसुद्धा नाही. तिकीट दाखवलं, आत गेलो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. इंटरचा गोल नाकारला आणि वरून जळत्या नळकांड्या मैदानात पडायला लागल्या. एक थेट मिलानचा गोलकीपर दिदा, त्याच्या खांद्यावर आली. रेफरी मेर्क यांनी सगळ्यांना आत नेलं, बऱ्याच वेळाने पुन्हा बाहेर आणलं, आणि मिनिटभरात सामना कायमचा थांबवला. धुरात माझे डोळे चुरचुरत होते आणि शेजारचा इंटरवाला म्हातारा मला स्वतःचा रुमाल देत होता. तो माणूस मी विसरलेलो नाही.

शिरीषकाका

प्रेषक: अनघा
बुधवार, सकाळी ८:३०

मंडळी,

मंडळाच्या नावाने कुठलाही प्रवास ठरला की नावांची यादी सहल समितीकडून जाते, हे सर्वसाधारण सभेत ठरलं होतं. आमच्या तक्त्यात "पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव" असा रकाना आहे, तो ह्याच कारणासाठी. क्रीडा समितीने तो वापरला असता तर हा घोळ झाला नसता. मंदारवर राग नाही, पण पुढच्या वेळी कृपया आधी विचारा.

अनघा

प्रेषक: केदार
बुधवार, दुपारी १२:१४

काका, तुमच्या वेळची गोष्ट आता लागू नाही. नावाच्या तिकिटांचा नियम आला तोच २००५ साली, तुमच्या त्या सामन्यानंतर. आता नाव, आडनाव आणि जन्मतारीख सगळं तिकिटावर असतं.

मंदार, नाव बदलायची सोय खरेदीच्या पानावर शोधू नकोस. ज्या खात्यातून घेतलीस त्यात जा, एकेक तिकीट उघड, तिथे "काम्बिओ नोमिनातिवो", म्हणजे नावबदल, दिसतं का बघ. ते प्रत्येक सामन्याला उघडं असेलच असं नाही, क्लब त्या त्या सामन्यापुरतं ठरवतो. म्हणून आजच बघ.

मधल्या नावाचं म्हणशील तर माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं आहे, तिकिटावर नव्हतं. गेटवरच्या माणसाने आडनाव आणि जन्मतारीख पाहिली आणि सोडलं. पण आडनावच वेगळं असलं तर मात्र कठीण आहे. माझ्या एका मित्राच्या तिकिटावर घरात हाक मारतात ते नाव पडलं होतं. त्याला बाजूला काढून खिडकीवर पाठवलं, तो जागेवर पोचला तेव्हा पहिला गोल होऊन गेला होता. परत आल्यावर आठवडाभर तो कोणाशी धड बोलला नाही.

केदार

प्रेषक: राजेश
बुधवार, दुपारी १:०२

अनघाताई, क्रीडा समितीने सामन्याची तिकिटं काढायची नाहीत तर काय करायचं? सहल वेगळी, सामना वेगळा.

आणि मी आधीही म्हटलं होतं, डर्बी बघायची तर झुरिकची बघा. एफसीझेड (एफसी झुरिक) आणि ग्रासहॉपर, दोघांचं मैदान एकच, लेट्सिग्रुंड, अगदी मिलानसारखं. ट्रामने जाऊन ट्रामने परत. पासपोर्टही लागत नाही.

राजेश

प्रेषक: शिरीष
बुधवार, दुपारी १:४०

राजेश, लेट्सिग्रुंडवर २ ऑक्टोबर २०११ ला काय झालं ते आठव. तीच नळकांडी, एका बाजूच्या गर्दीतून दुसऱ्या बाजूच्या गर्दीत फेकलेली, आणि तोही सामना अर्धवट राहिला. मी दोन्हीकडे होतो. माझ्या मुलीला मी तेव्हापासून कडेच्या जागेवरच बसवतो, जिन्याजवळ.

काका

प्रेषक: शुभदा
बुधवार, रात्री ९:२५

मंदार, चूक माझीही आहे. तो मेल आयडी मी लग्नाआधी उघडला, बदलायचा राहिला.

पण मला जायचंच आहे. बारेसी आणि मालदिनी खेळायचे त्या काळापासून मी मिलानची. २००३ च्या उपांत्य फेरीत दोन्ही सामने ह्याच मैदानावर झाले, ०-० आणि १-१, आणि पाहुण्या संघाच्या गोलाच्या तेव्हाच्या नियमाने (बरोबरी झाली तर पाहुणे म्हणून जास्त गोल करणारा पुढे) मिलान पुढे गेलं. स्वतःच्याच घरी पाहुणे म्हणून केलेला गोल! तो सामना मी टीव्हीसमोर उभी राहून बघितला, बसवतच नव्हतं. १९२६ चं मैदान आहे, आता शहराने ते दोन्ही क्लबांना विकलंय आणि शेजारी नवीन बांधणार आहेत. नंतर जाऊन काय बघायचं?

नाव नाही बदललं तर तिकीट कोणाला द्या असं म्हणायचीही सोय नाही, त्या माणसाचंही नाव वेगळंच असणार.

एक विचारायचं होतं. अर्णवला मिलानचा लाल-काळा स्कार्फ घालायचाय, आणि यजमान इंटर आहे. चालेल का?

शुभदा

प्रेषक: केदार
बुधवार, रात्री १०:११

शुभदाताई, नारिंगी बाजू पूर्वेची, लांबीकडची. तिथे दोन्हीकडचे लोक शेजारी शेजारी बसतात, बापलेकांचे संघसुद्धा वेगळे असतात. स्कार्फ चालेल. अडचण गोलामागे असते. तिथे कट्टर चाहते बसतात: दुसऱ्या मजल्यावर हिरव्या बाजूला इंटरची कुर्वा नोर्द, निळ्या बाजूला मिलानची कुर्वा सूद. तिथे परक्या रंगात फिरकायचं नाही आणि मोबाइल त्यांच्यावर रोखून चित्रीकरण करायचं नाही. दोन्ही टोकांच्या मंडळींनी एकमेकांवर हात न उगारण्याचा समझोता १९८० च्या दशकात केला, म्हणून इतर शहरांसारखी भांडणं इथे मारामारीवर येत नाहीत. तरी स्टेशनवर पोचेपर्यंत स्कार्फ जॅकेटच्या आत ठेव असं अर्णवला सांगा.

केदार

प्रेषक: अनघा
गुरुवार, सकाळी ७:४५

नारिंगी बाजूला तिसरा मजला का नाही, ते कोणाला माहीत आहे का? माझ्या मुलाने विचारलं.

प्रेषक: शिरीष
गुरुवार, सकाळी ८:०५

अनघा, त्या बाजूला लागूनच घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. जागाच नव्हती. बाकी तिन्ही बाजूंना आहे.

प्रेषक: मंदार
गुरुवार, संध्याकाळी ६:३३

झालं! केदार म्हणाला तिथेच होतं, तिकीट उघडल्यावर खाली. शुभदाताईंचं आडनाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे टाकली, नवीन तिकीट आलं, ताईंना पाठवलंय. बाकी पाचही तपासली. अनघाताई, तुमचा तक्ता मला पाठवा, पुढच्या वेळी तोच भरून घेईन.

आता एवढंच. मूळ पासपोर्ट आणि इथलं परमिट, दोन्ही जवळ हवं, सीमेवर क्यासोला गाडीत तपासणी होते. फोटो किंवा झेरॉक्स चालणार नाही. मोठी बॅग मैदानावर आणू नका, मिलान सेंट्रलला सामान ठेवायची सोय आहे. सामना ८:४५ ला, म्हणजे संपेपर्यंत पावणेअकरा वाजतील. जाताना मेट्रोच्या एम५ ने सान सिरो स्टेशन. येताना त्या स्टेशनच्या दारात गर्दी अडवून धरतात, तेव्हा थांबायचं नाही, सगळ्यांनी चालत लोट्टोला, तिथून एम१.

काका, तुम्हाला जिन्याजवळची जागा ठेवलीये.

मंदार