मदत हवी आहे: सीएसएमटीचा घुमटाखालचा जिना शनिवारी बघता येईल काय?

मंडळी, बेळगावहून रात्रीच्या गाडीनं दादरला उतरून सीएसएमटी बघायला जायचं आहे. फाटकावरचे सिंह-वाघ आणि तिकीटघराच्या कमानी कुणालाही दिसतात. मला बघायचाय तो वास्तुविशारद स्टीव्हन्सच्या १८८८ सालच्या इमारतीतला खरा ऐवज, भिंतीतून अधांतरी निघालेला घुमटाखालचा दगडी जिना. वारसा संग्रहालयाचं तिकीट काढलं की तिथं सोडतात, पण सोमवार ते शुक्रवार दुपारीच, असं वाचलंय. मावसभाऊ रोज तिथूनच लोकल पकडतो, त्याला विचारलं तर म्हणाला, "जिना? कुठला जिना?"

मला शनिवारचीच सुट्टी मिळते. फोटो मोबाईलवरच काढणार. सोबत वडील आहेत, जास्त चढ-उतार झेपत नाही त्यांना. अलीकडे कुणी शनिवारी आत गेलंय काय? नसेल सोडत, तर आधी परवानगी कुणाकडं मागायची?