मदत हवी आहे: बोटॉक्स आधी की लेझर?

भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स आणि मुरमांच्या जुन्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर, दोन्ही करायचं ठरतंय. एक स्नायू सैल करतं, दुसरं त्वचेचा पोत सुधारतं, एवढं कळलं. घोडं अडलंय क्रमावर. एक डॉक्टर म्हणतात, आधी इंजेक्शन, साधारण 2 आठवड्यांत त्याचा पूर्ण परिणाम दिसला की लेझर. दुसऱ्या म्हणतात, एकाच दिवशी उरका. पण लेझरच्या सुजेमुळे औषध भलतीकडे पसरून पापणी उतरली तर? त्यात माझा रंग सावळा. साधी पुळी गेली तरी काळा डाग महिनोन्महिने हटत नाही. दोन्ही केलेल्यांनी प्लीज सांगा, मध्ये किती अंतर ठेवलंत? लेझरनंतर डाग पडले का? आणि सोललेला चेहरा घेऊन ऑफिसला कधी गेलात?