पैसे बुडाले तर माल उचलून आणायचा? असले सल्ले देऊ नका

बागाईतदार, निफाड: इथे कुणीतरी लिहिलंय, ‘व्यापाऱ्याने पैसे थकवले की गोदामातून माल उचलून आणा, १९३० च्या वस्तू विक्री कायद्याने हक्क दिलाय.’ वाचून डोकं फिरलं. असा हक्क नाही! माल अडवता येतो तो आपल्या ताब्यात असेपर्यंत. व्यापारी देणी देईनासा झाला असेल तर वाटेतली गाडीही थांबवता येते. त्याच्या दारात उतरला की राहतो फक्त पैशांचा दावा. मी पोळलोय. १८० क्रेट द्राक्षं गेली, हातात वीस हजार विसार आणि एक चेक. चेक वटला नाही. गोदामावर गेलो तर त्यानेच पोलिसांत तक्रार दिली.

मूळ पोस्टवाला: मग घरात बसून रडायचं का? पोलीस म्हणतात दिवाणी बाब आहे, वकील म्हणतो पाच वर्षं लागतील.

ऊसवाला, कराड: उसाला बघा, चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, नाहीतर १५ टक्के व्याज. द्राक्षाला असं का नाही?

शिरोळकर: व्याज कागदावर! आमच्या कारखान्याने मुद्दलच तीन हप्त्यांत दिलं. व्याज मागितलं तर पुढच्या हंगामात तोड वेळेवर आली नाही. ऊस वाळला फडात.

ऊसवाला, कराड: एकट्याने मागितलं म्हणून. आमच्या गावचे साठ जण साखर आयुक्तांकडे गेलो.

शिरोळकर: साठ जण गोळा करून दाखवा आमच्याकडे. निम्मे संचालकांचे पाहुणे.

बागाईतदार, निफाड: अहो, विषय उसाचा नाही! मूळ पोस्टवाले, चेक परत आला का? बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्या. त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर महिन्याच्या आत चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा) कोर्टात तक्रार. मी ‘पुढच्या सोमवारी देतो’ ऐकत चाळीस दिवस घालवले. ती वाट बंद झाली.

मूळ पोस्टवाला: मेमो बावीस दिवसांपूर्वीचा आहे. माल उचलण्याचं चुकलं माझं, पण तुम्ही चारचौघांत मूर्ख ठरवायला नको होतं.

बागाईतदार, निफाड: मूर्ख म्हणालो नाही. आवाज चढला, खरं आहे. आठ दिवस उरलेत, उद्याच वकील गाठा.