खंडेनवमीला मशीनची आरती, काय करावं?

शिरोलीकर: जय ख्रिस्त मंडळी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, खंडेनवमीला मशीनला हार, हळदकुंकू, नारळ सगळं होतं आणि यंदा सुपरवायझर म्हणतोय आरती तूच कर. बायबलात निर्गम २०:३ तर सरळ सांगतंय दुसरे देव नकोत, पण नाही म्हटलं तर पोरं म्हणणार ह्याला लई शिंगं फुटली.

रंकाळाकाठ: आरती धरू नको भावा, बाकी सगळं कर, मशीन पूस, मांडव बांध. दानीएल ३ मधली तिघं बाबेलच्या राजाच्या नोकरीतच होती की, कारभार बघत होती, फक्त सोन्याच्या मूर्तीपुढं वाकली नाहीत. आणि सुपरवायझरला आधी एकट्यात गाठ, ऐनवेळी चारचौघात नको.

जुनाविश्वासू: मला नामान आठवतो, अरामचा सेनापती, २ राजे ५. कोडातून बरा झाल्यावर म्हणाला आता होमबली फक्त परमेश्वरालाच, पण धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा व्हावी. अलीशा संदेष्टा म्हणाला शांतीनं जा. उगं कुणाला लगेच बाटला म्हणू नका.

रंकाळाकाठ: नामान हात देत होता, आरती ओवाळत नव्हता.

शिरोलीकर: आणि प्रसादाचं?

जुनाविश्वासू: १ करिंथ १०:२५-२८ वाच. बाजारातलं बिनचौकशी खा, कुणी नैवेद्याचं म्हणून सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको. तसं मत्तय ६:२४ म्हणतं देवाची आणि पैशाची चाकरी एकदम होत नाही, ओव्हरटाईमसाठी रविवारची उपासना बुडवणारे आपल्यातच किती, त्यावर कोण बोलत नाही.

शिरोलीकर: हे मात्र लागलं 😅 उद्या सुपरवायझरशी बोलतो.