चौथीच्या पोरांना स्टर्जन मासा कसा शिकवू?

तापीकाठची बाई: शिंदखेडा तालुक्यात शिकवते. वर्गातली निम्मी पोरं भोयांच्या घरची, माशांची चांगली जाणकार. स्टर्जनचं चित्र पाहून एकीने विचारलं, "मॅडम, याले दात नही का?" हा मासा आपल्याकडे नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचवू कसा?

निवृत्त गुरुजी, प्रकाशा: ताई, पोरीची नजर पक्की आहे. मोठ्या स्टर्जनला दात नसतातच. तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला असतं, ते नळीसारखं बाहेर काढून तो किडे, गोगलगायी ओढून घेतो. तोंडापुढे चार मिशा, त्यांनी गाळ चाचपतो. पोरांनी शिंगाडा माशाच्या मिशा पाहिल्या आहेत, तिथूनच सुरुवात करा.

घमेल्यात ओला गाळ भरून त्यात भुईमुगाच्या शेंगा पुरा. पोरांचे डोळे बांधा आणि चार बोटांनी शोधायला लावा. माझ्या वर्गात एक पोरगा बोटं न उचलता, हळूहळू सरकवत गेला आणि सगळ्या शेंगा त्यालाच मिळाल्या. स्टर्जन असाच सरकतो, एवढंच मी म्हणालो.

मग व्हरांड्यात खडूने पाच मीटरची रेघ मारा. बेलुगा स्टर्जन एवढा वाढतो, शंभर वर्षंही जगतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या ताटल्यांच्या पाच रांगा असतात.

जळगावची आई: गुरुजी, अंड्यांचंही सांगायला हवं. कॅव्हिअर म्हणून ती महाग विकतात, त्यासाठी मादी मारतात. बेलुगाच्या मादीला पहिली अंडी घालायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. माझ्या लेकीला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. लहान आहेत म्हणून लपवू नये.

निवृत्त गुरुजी, प्रकाशा: खरंय. आणि धरणंही. बेलुगा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. युरोपातल्या डॅन्यूब नदीवर १९७२ साली आयर्न गेटचं धरण झालं आणि वरची वाट बंद झाली. वर्गात बाकं आडवी लावा, पोरांना प्रवाहाविरुद्ध रांगत यायला सांगा. यांगत्सेतला स्टर्जनचा नातेवाईक, चिनी पॅडलफिश, २०२२ साली नामशेष जाहीर झाला.

तापीकाठची बाई: आज केलं सगळं. बाकांपाशी अडकलेल्या त्याच पोरीने विचारलं, "मंग आपला बॅरेजवर मासा कसा चढस?" तिचे आजोबा बॅरेज होण्याआधीपासून तापीत जाळं टाकतात. सोमवारी त्यांना वर्गात बोलावलंय.