जुन्या फोटोंच्या कडेला उभी असलेली गाडी

आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत रेल्वेचा म्हणून एकच फोटो आहे आणि खरे तर तोही रेल्वेचा नाही. फलाटावर आजी ट्रंकेवर बसली आहे, मागे दोन आत्या आणि काका उभे आहेत, आणि त्यांच्या पाठीशी डब्याचा जेमतेम एक दरवाजा आला आहे. दरवाजाशेजारी तीन उभ्या रेघा रंगवलेल्या आहेत, म्हणजे डबा तिसऱ्या वर्गाचा आणि फोटो १९७४ च्या आधीचा, कारण त्या वर्षी तिसरा वर्ग बंद झाला. डाव्या बाजूला दूरवर सिग्नलचा खांब असून त्याचा गडद हात उजवीकडे आडवा आहे व हाताच्या टोकाजवळ पांढरा पट्टा दिसतो. उजव्या कडेला स्थानकाच्या पाटीचा तुकडा आहे, पण त्यावरचे एकुलते अक्षर आजवर कोणालाही लागलेले नाही. फोटोच्या मागे 'निरोपाच्या वेळी' एवढेच लिहिले आहे. कोणाचा निरोप, कोठे आणि कधी, हे लिहिणाऱ्याला ठाऊकच असल्यामुळे त्याने ते लिहिले नसावे.

इंजिनांची आखीवरेखीव छायाचित्रे पुस्तकांतून पुष्कळ पाहायला मिळतात. मला ऐकायचे आहे ते घरोघरच्या अशा फोटोंविषयी, ज्यांत माणसे मधोमध आहेत आणि रेल्वे चुकून आली आहे. आपल्याकडच्या फोटोत नेमके काय दिसते, मागे काय लिहिले आहे आणि काळ कशावरून ठरवला, हे या धाग्यावर सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मिरजेच्या पुलावरून

आमच्याकडे मिरज स्थानकाच्या पादचारी पुलावर काढलेला फोटो आहे. त्यात आईच्या कडेवर वर्षभराचे मूल आहे आणि ते मूल म्हणजे आमचे थोरले बंधू, असे आम्ही जन्मभर धरून चाललो होतो. बंधूंनी तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला होता आणि आल्यागेल्याला दाखवतही असत. त्यांचा जन्म १९६४ चा.

गेल्या वर्षी रेल्वेत नोकरी केलेले एक स्नेही घरी आले. चहा होईपर्यंत ते त्या फोटोसमोर उभे होते आणि त्यांनी आईकडे नव्हे, तर पुलाखाली पाहिले. खाली दोन गाड्या उभ्या होत्या. एक डब्यांच्या उंचीवरून आणि अरुंद अंगावरून सरळ मीटरगेजची, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवर धावणारी, दुसरी तिच्याहून चांगलीच रुंद. ते म्हणाले, "पुण्याहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज १९७१ साली सुरू झाली. त्याआधी पुण्याची गाडीसुद्धा मीटरगेजनेच येत असे. ही रुंद गाडी येथे उभी आहे, तर फोटो १९७१ च्या आधीचा असूच शकत नाही." त्यानंतर काही वर्षे मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेज असे तिन्ही मार्ग एकाच वेळी नांदत होते, हेही त्यांनी सांगितले.

आमच्या धाकट्या भावाचा जन्म १९७० चा. फोटो भिंतीवरून काढलेला नाही, पण बंधू आता तो कोणाला आपण होऊन दाखवत नाहीत.

भुसावळच्या शेडमधला हार

वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या दिवशी इंजिनाला हार घालून फोटो काढण्याची तेथे पद्धत होती, आणि तो फोटो आमच्याकडे आहे. इंजिन डब्ल्यूपी वर्गाचे, वाफेचे आहे. पुढे आलेले गोल नाक आणि त्यावरचा तारा यांमुळे ते लहान मूलही ओळखेल. वडिलांच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आहे, जो त्यांनी कामावर एकदाही घातला नसेल. रोज घरी येत तेव्हा डोळ्यांच्या कडांपर्यंत काजळी असे आणि आई त्यांना मोरीत गेल्याखेरीज कशालाही हात लावू देत नसे. त्यामुळे आम्हा भावंडांना हा फोटो अनोळखी वाटतो.

फोटोच्या अगदी डाव्या कडेला, चौकटीने मनगटापाशी कापलेला एक हात आहे. त्या हातात फावडे आहे. तो वडिलांच्या फायरमनचा. छायाचित्रकाराने त्यांना बाजूला व्हायला सांगितले असेल किंवा ते आपणहून सरकले असतील, पण वडिलांनी फोटोच्या मागे पेन्सिलीने स्वतःचे नाव, इंजिनाचा क्रमांक, तारीख यांपैकी काहीही लिहिलेले नाही. तेथे फक्त त्या फायरमनचे संपूर्ण नाव आहे.

बारा फोटोंचा रोल

वरील सर्व फोटोंत गाड्या उभ्या आहेत, हे कोणाच्या लक्षात आले का? त्याला कारण आहे. आमच्या पिढीच्या हाती असे तो अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा. त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि त्याचे शटर सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतके उघडे राही. धावती गाडी त्यात सापडत नसे, तिचा फराटा उमटे. काटकोनात उभे राहिले तर फराटा ठरलेलाच. गाडी लांबून आणि तिरकी येत असेल तर थोडी आशा असे.

म्हणून मी खंडाळ्याला जात असे. बोरघाटात चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडूनही मालगाडी इतकी सावकाश वर येई की माझ्या कॅमेऱ्यालाही ती झेपत असे. माझ्या सातआठ धड फोटोंपैकी सर्वांत प्रिय आहे तो 'खेकड्या'चा. १९२८ च्या सुमारास आलेले ते विजेचे इंजिन होते, मध्ये केबिन, पुढेमागे दोन लांब नाके, आणि वीज असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. घाटातली माणसे त्याला खेकडा म्हणत. ज्यांना तो प्रत्यक्ष पाहायचा असेल, त्यांच्यासाठी मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक ठेवलेला आहे.

खंडाळ्याजवळचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन, जेथे गाडी थांबून उलट्या दिशेने पुढे निघत असे, ते १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे बंद झाले. त्याचे भग्न अवशेष मी रोलमधल्या शेवटच्या फोटोसाठी राखून ठेवले होते. तेथे पोहोचलो तेव्हा कॅमेऱ्याच्या खिडकीतला आकडा बाराच्या पुढे आधीच गेलेला होता. बारावा फोटो माझ्या स्वतःच्या बुटांचा निघाला.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्या काळी पुलांवर आणि फलाटांवर छायाचित्रणास मनाई असल्याच्या पाट्या असत. एकदा गणवेशातील एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन बराच वेळ प्रश्न विचारले. घरोघरी फक्त निरोपाचेच फोटो का आहेत, याचे निम्मे उत्तर मला त्या पाट्यांत दिसते.

बार्शी लाइट

माझ्याकडे फोटो नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट ही नॅरोगेज रेल्वे पुढे पंढरपूरलाही जाऊ लागली आणि आषाढीला तिच्या टपावरसुद्धा वारकरी असत. आजीचा तसा एक फोटो होता, असे सगळेच सांगतात. मला मात्र तो कोणी वर्णन केला की प्रत्येक वेळी आजी वेगळ्या ठिकाणी बसलेली असते.

चिकट अल्बमविषयी सावधगिरी

ज्यांचे फोटो पारदर्शक प्लॅस्टिकखालच्या चिकट पानांवर लावलेले आहेत, त्यांनी ते आजच पाहावेत. आमच्या माथेरानच्या छोट्या गाडीचे चार फोटो मी ओढून काढायला गेलो आणि इंजिनाचा वरचा थर पानालाच राहिला. आता दातांच्या फटी साफ करायचा पातळ, मेण न लावलेला दोरा (डेंटल फ्लॉस) मागून हळूहळू सरकवून फोटो सोडवतो. सुटत नसेल तर तसाच ठेवून वरून स्कॅन करतो. मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलच वापरावी, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.

सिग्नलच्या हाताबद्दल

मी केबिनमध्ये अनेक वर्षे सिग्नल ओढले आहेत, म्हणून धागा सुरू करणाऱ्या ताईंच्या फोटोविषयी लिहितो. आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूने पाहिले असता सिग्नलचा हात नेहमी खांबाच्या डावीकडे असतो. हाताची पुढची बाजू लाल आणि तीवर पांढरा पट्टा, तर मागची बाजू पांढरी आणि तीवर काळा पट्टा. कृष्णधवल फोटोत लाल रंग गडद दिसतो. तुम्ही लिहिता की हात गडद आहे, त्यावर पट्टा पांढरा आहे, म्हणजे आपण त्याची पुढची बाजू पाहत आहोत. तरीही तो उजवीकडे आहे. असा सिग्नल मी तरी पाहिलेला नाही. माझ्या मते निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला गेला आहे. तिसऱ्या वर्गाच्या तीन रेघा उलटसुलट सारख्याच दिसतात, त्यामुळे कोणाला शंका आली नसावी. आजीचा पदर कोणत्या खांद्यावर आहे, तेवढे पाहावे.

पेटीवाल्या फोटोचे उत्तर

पदर उजव्या खांद्यावर आहे. पन्नास वर्षे तो फोटो पाहूनही हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. स्कॅन केलेली प्रत आरशासारखी उलटवली, तेव्हा सिग्नलचा हात डावीकडे गेला, काकांचे घड्याळ डाव्या मनगटावर आले आणि पाटीचा तुकडा डाव्या कडेला सरकला. त्यावरचे न लागणारे अक्षर 'ड' आहे, आणि ते नावातले शेवटचे अक्षर आहे.

थोरल्या आत्या ठामपणे सांगतात की हे मनमाड. धाकट्या आत्या दौंड म्हणतात. काकांना कराड आठवते, आणि कराडला तेव्हा मीटरगेज असल्यामुळे खालचे रूळ दिसले असते तर निदान तेवढा वाद मिटला असता. पण रुळांच्या नेमक्या त्याच जागेसमोर आजी आणि तिची ट्रंक आहे.