धाकटा विचारतो, "हे कधी जाणार?" सुट्टीवर आलेल्या पप्पांची पोराला सवय कशी लावायची?

साताऱ्याची सून:
नमस्कार. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक आहेत. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन. धाकटा जेमतेम चालायला लागला तेव्हा पलटण फील्डला, म्हणजे बायकापोरांना नेता येत नाही अशा भागात गेली, मग मी दोघांना घेऊन गावी सासू-सासऱ्यांकडे आले. गाव सातारा तालुक्यात, मिलिटरी अपशिंग्यापासून जवळच. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे नवरा लांब असण्याचं इथं कुणाला काही विशेष वाटत नाही. पण पोरांना वाटतं ना.

गेल्या महिन्यात हे सुट्टीवर आले. धाकटा आजीच्या पदराआड. लाजत असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. तो रोज माझ्याजवळ भिंतीच्या बाजूला झोपतो, माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून. त्या रात्री सासूबाईंनी त्याला आपल्या खोलीत नेलं. सकाळी उठून सगळ्यांच्या देखत त्यानं विचारलं, "आई, हे कधी जाणार?" हे तांब्यानं पाणी पीत उभे होते. तांब्या खाली ठेवला आणि रानात निघून गेले, ते जेवायलाच आले. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

थोरलीचं दुसरंच. जायच्या वेळी सामान भरायला यांची काळी पेटी माळ्यावरून खाली आली की तिला ताप भरतो. पेटीवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण लिहिलेली आहे. अक्षरओळख तिची त्या पेटीवरच झाली, बोट फिरवून फिरवून. आता ती पेटीकडे बघतसुद्धा नाही.

फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज करता येईल असं हे म्हणतात. फील्डवर गेलेल्यांच्या कुटुंबांना देतात ते. गावीच राहू की क्वार्टरला जाऊ? आणि पुढच्या सुट्टीत धाकट्याचं काय करू? ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा.

कराडची काकू:
अगं, माझे मालक सुभेदार म्हणून रिटायर झाले. तीन पोरं अशीच वाढवली. तुझं वाचून जुने दिवस आठवले.

पहिलं म्हणजे झोपायची जागा बदलू नकोस. पप्पा आले म्हणून आपल्याला आईजवळून उठवलं, एवढंच त्या जिवाला कळलं. त्याला भिंतीकडेच झोपू दे, ते पलीकडच्या बाजूला झोपतील. चार दिवसांत पोरगं आपणहून मधे लोळत येतं.

दुसरं, एक काम फक्त बापाचं ठेव. आंघोळ घालायची तर रोज त्यांनीच, साबण डोळ्यात गेला, रडला, तरी तू मोरीपाशी जायचं नाही. आमच्याकडे शेळीला पाला टाकायला जायचं काम बापलेकाचं होतं. खाऊ, खेळणी, कॅन्टीनची चॉकलेटं यांनी पोरगं हाताला येतं पण अंगाला लागत नाही.

आणि "थांब, पप्पांना सांगते फोनवर" हे घरात कुणीही म्हणायचं नाही, आजीनंसुद्धा. वर्षभर आपण बापाच्या नावानं भीती घालायची आणि तो आला की "जा, पप्पांची पापी घे" म्हणायचं, हे पोरानं कसं जुळवायचं?

सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस भावकीला नमस्कार सांगून लांब ठेव. पाली, जेजुरी, मांढरदेवी, बहिणीचं घर, मामाचं घर, यातच सुट्टी सरते. जाताना पोरं झोपेत असताना गुपचूप निघू देऊ नकोस. रडतील, रडू दे. पण सकाळी उठून बाप गायब, हे एकदा मनात बसलं की पोरगं पुढच्या सुट्टीत झोपायलाच घाबरतं. थोरलीचा ताप त्यातलाच असणार. तिला पेटी भरायला सोबत घ्या. मोजे तिनं ठेवायचे, तिच्या वहीतलं एक पान तिनं आत टाकायचं.

राहायचं म्हणशील तर मी गावीच राहा म्हणेन. आजी-आजोबांची माया विकत मिळत नाही.

रिटायर्ड हवालदार:
ताई, मी दुसऱ्या बाजूनं सांगतो. कुपवाड्याहून निघालेला जवान कॉनव्हॉयनं, म्हणजे फौजी गाड्यांच्या ताफ्यानं श्रीनगर, मग जम्मू, तिथून झेलम एक्स्प्रेसनं पुणे आणि पुढं एसटीनं सातारा असा येतो. अंगात झोप नसते, आवाज पलटणीतलाच असतो. दारातूनच "इकडं ये!" अशी हाक मारली की तीन वर्षांचं पोर पळणारच. भाऊंना सांगा, आल्या आल्या उचलायची घाई करू नका. जोत्यावर खाली बसा, बूट काढा, त्याच्याकडं बघूसुद्धा नका. ते जवळ येतं. बूट ओढायला तर नक्की येतं.

निघायच्या आधी फोनवर गोष्टी बोलून रेकॉर्ड करून ठेवायला लावा. सीमेवरच्या चौकीवर कित्येक दिवस सिग्नल नसतो, पोरांना रोजची वेळ चुकलेली कळते. रेकॉर्ड केलेली गोष्ट असली की झोपायच्या वेळेला आवाज कानावर राहतो. आणि धाकट्याच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे भाऊंच्या फौजेतल्या रेकॉर्डमध्ये झालीय ना, ते बघून घ्या. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये घरच्यांना लागणारं डिपेंडंट कार्ड त्यावरच अडतं.

खडकीत वाढलेली:
काकूंचं बाकी सगळं पटलं, गावी राहण्याचं मात्र नाही. मी फौजीची मुलगी. पप्पा फील्डवर असताना आम्ही खडकीला क्वार्टरमध्ये होतो. तिथं प्रत्येकीचे पप्पा लांब. "तुझे पप्पा कधी येणार गं?" असं कुणी विचारायचंच नाही, आणि त्याचं केवढं सुख होतं ते मला गावी सुट्टीला गेल्यावर कळायचं.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल चालू होतं. संध्याकाळी आई टीव्ही बंद करायची आणि शेजारच्या बिहारी काकी, केरळच्या आंटी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. कुणाच्या घरी पत्र आलं की मजल्यावरच्या सगळ्या जमायच्या. आम्ही पोरं बाहेर खेळत असायचो. आईला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं, सगळ्या एकाच नावेत. तुमच्या सासूबाई कितीही प्रेमळ असल्या तरी त्या आपल्या लेकाची काळजी करणार. तुमची कोण करणार?

शाळेचंही बघा. केंद्रीय विद्यालयं १९६३ मध्ये सुरू झाली ती बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांसाठीच, पलटणींच्या रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. पुस्तकं सगळीकडे तीच. बदली झाली की एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाता येतं, पण बाहेरच्या शाळेतून दुसरी-तिसरीला शिरायचं तर जागा रिकामी असावी लागते. थोरली सहा वर्षांची आहे, पहिलीचं वय हेच. हे वर्ष घालवू नका.

साताऱ्याची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, आंघोळीचं यांना काल फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पाणी किती गरम लागतं त्याला?" मी त्यांना विसणापासून सगळं सांगितलं. पार्ट टू ऑर्डर झालेली आहे, कार्ड काढायचंय.

शाळेचं वाचून क्वार्टरकडं मन वळलंय. युनिटमार्फत अर्ज टाकतोय, वेटिंग आहे म्हणे. सासूबाईंना अजून बोलले नाही. धाकटा त्यांच्या हातचाच भात खातो. सासू-सासऱ्यांना क्वार्टरला सोबत नेऊन राहिलेलं कुणी आहे का इथं? दोन खोल्यांत कसं भागवलंत, तेवढं लिहा.